राक्षस कुणाला केलंय?

कुमारवयातली मुलं जी फँटसी, म्हणजे जादूच्या आणि कल्पित जगांच्या अद्भुतकथा, वाचतात, तिचा विद्यापीठाच्या मराठी विभागांनी गंभीरपणे अभ्यास करायला हवा, असं माझं ठाम मत आहे. बालवाङ्मयाच्या शेवटच्या घटकात, वेळ उरला तर उरकायचा मुद्दा म्हणून नव्हे. कुठलीही महत्त्वाची कादंबरी शिकवताना गोष्ट कोण सांगतंय, कुणाच्या तोंडी भाषा दिली आहे, लेखकाचा जीव कुणात गुंतला आहे, असं आपण विचारतो. तेच सगळं इथेही विचारायला हवं. आणि हे काम नागपुरात सुरू व्हावं. शहराच्या अभिमानापोटी मी हे म्हणत नाही. या अभ्यासाला लागणारी सामग्री इथे आहे आणि लागणारा प्रश्नही इथलाच आहे.

मी पदव्युत्तर वर्गाला मराठी शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर संशोधन प्रकल्प हा अभ्यासक्रमाचा भाग झाला आहे, म्हणजे वर्गातल्या मुलांना विषय निवडावाच लागतो. एका विद्यार्थिनीने कुमारांसाठीच्या फँटसीतल्या खलपात्रांवर लिहायचं ठरवलं. विषय मंजुरीच्या बैठकीत तो परत आला. पुस्तकं मूळ इंग्रजीतली आहेत, साहित्यमूल्य काय, पुढे नोकरीच्या मुलाखतीत तू काय सांगशील, असे प्रश्न झाले. ती मला एवढंच म्हणाली, "मॅडम, आम्ही तर सातवीपासून हेच वाचून राहिलो ना." तिने दुसरा विषय घेतला आणि नीट पूर्णही केला. बैठकीतल्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांच्या शंका आपल्या समीक्षेतून आलेल्या आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिली शंका भाषेची. पुस्तकं इंग्रजीतली, मग मराठी विभागाने का डोकं घालायचं? नागपुरातल्या बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला अशीच एक जाडजूड इंग्रजी कादंबरी मिळाली. आतल्या पानावर कल्पित देशाचा नकाशा होता आणि त्यावर कुणीतरी पेन्सिलीने नायकाचा सगळा प्रवास आखला होता. जिथे तो जखमी होतो तिथे छोटी फुली. पुढे पानापानावर समासात बारीक अक्षरांत मराठी. एका पात्राच्या पहिल्याच संवादापाशी 'हा खोटं बोलतो' असं लिहून खाली दोनदा रेघ ओढली होती. त्या पात्राची लबाडी उघडकीला येते ती पुस्तक संपत आल्यावर. आणखी पुढे, एका म्हाताऱ्या गुरूने शिष्यापासून सत्य लपवलं त्या जागी: 'आधीच सांगायचं ना!'

पुस्तक इंग्रजी होतं, वाचन मराठी होतं. या मुलांचा संशय, राग, अंदाज सगळं मराठीत चाललेलं असतं. घरी, वर्गात, बसथांब्यावर ती त्या गोष्टींवर मराठीतच वाद घालतात. तेव्हा त्यांना त्यांच्या भाषेत समीक्षेचे शब्द देणं हे मराठी विभागाचं काम नाही, तर मग कुणाचं आहे? शिवाय यातली काही पुस्तकं मराठीत आलीही आहेत. १९९७ साली इंग्लंडात सुरू झालेली हॅरी पॉटरची मालिका मराठी अनुवादात मिळते. त्या अनुवादाची भाषा कशी आहे, मंत्र आणि प्राण्यांची नावं मराठीत कशी उतरली आहेत, यावर एक धड लेख मी विद्यार्थ्याच्या हाती ठेवू शकत नाही.

दुसरी शंका साहित्यमूल्याची. तिची मुळं खोल आहेत. मराठी कादंबरीची सुरुवात अद्भुतरम्य कथानकांनी झाली. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. त्याच दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी मराठीत आणल्या. मग १८९० च्या सुमारास हरिभाऊ आपटे आले, विधवेचं दुःख, वाड्यातली घुसमट कादंबरीत आली आणि मराठी कादंबरी मोठी झाली. आपण हा इतिहास वर्गात असा शिकवतो, की अद्भुत हे तिचं बालपण होतं, वास्तव हे तिचं प्रौढपण. पुढे ग्रामीण आणि दलित साहित्याने जगलेल्या आयुष्याची मागणी केली. ती मागणी न्याय्य होती. माझी सगळी साहित्यिक जडणघडण त्यातूनच झाली आहे. पण या प्रवासात अद्भुताकडे बघायची नजर आपण सोडून दिली. परिणामी आज चांगली फँटसी कुठली आणि टाकाऊ कुठली, हे सांगायला आपल्याजवळ निकष नाहीत. पालक विचारतात, "पोरगी दिवसभर हेच वाचते, वाचू द्यायचं का?" आणि साहित्याचे पदवीधर शिक्षक गुळमुळीत उत्तर देतात.

बाहेर हे काम फार पुढे गेलं आहे. १९३९ साली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टोल्किन याने सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिलं. अद्भुतकथा वाचणं म्हणजे पळ काढणं, या आरोपाला त्याचं उत्तर होतं, की तुरुंगातून सुटायला धडपडणारा कैदी आणि रणांगणातून पळालेला शिपाई या दोघांना एकाच मापाने मोजू नका. स्वतः १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, सोमच्या लढाईच्या खंदकांत राहिलेला माणूस हे बोलत होता. अलीकडे, २००८ साली, फाराह मेंडलसन या अभ्यासक बाईंनी फँटसीचे चार प्रकार मांडले, ते अद्भुत वाचकापर्यंत कोणत्या वाटेने येतं त्यावरून: दार ओलांडून दुसऱ्या जगात नेणारी, अद्भुतालाच आपल्या गल्लीत घुसवणारी, पहिल्या ओळीपासून त्या जगातच घडणारी आणि खरं की भास हे कळू न देता उंबरठ्यावर ठेवणारी. ग्लासगो विद्यापीठात २०२० पासून फँटसीच्या अभ्यासाचं स्वतंत्र केंद्र आहे. ही हत्यारं उपयोगी आहेत, घ्यावीत. पण ती उसनी आणून आपलं काम भागेल असं मला वाटत नाही.

तिसरी शंका खास आपली, महाराष्ट्राची आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. जादूटोणाविरोधी कायदा झाला तो डिसेंबर २०१३ मध्ये, इथल्याच हिवाळी अधिवेशनात, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर चार महिन्यांनी. ज्या राज्याने या कायद्यासाठी एवढी किंमत मोजली, तिथे आपण मुलांच्या हाती जादूगारांच्या गोष्टी का द्यायच्या? हा प्रश्न विचारणारी माणसं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतली आहेत, प्रामाणिक आहेत. त्यांना हसण्यावारी नेता येत नाही.

माझं उत्तर एका पुस्तकाच्या आधारे देते. अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विनची, अर्थसी या कल्पित जगावरची पहिली कादंबरी १९६८ ची, मुद्दाम कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली. नायक बकऱ्या राखणारा, तांबूस-तपकिरी कातडीचा पोरगा. त्या जगात जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव ठाऊक असणं, आणि ती नावं वर्षानुवर्षं बसून पाठ करावी लागतात. नुसता पाऊस वळवला तरी दुसरीकडचा तोल जातो, म्हणून जाणते लोक जादू करायची टाळतात. हा पोरगा हुशार, तापट. वर्गातल्या एका श्रीमंत मुलाने डिवचलं म्हणून तो मेलेल्यांच्या जगाचं दार उघडून दाखवतो. त्या फटीतून एक काळी सावली बाहेर येते, त्याचा चेहरा ओरबाडते आणि ती फट बुजवताना विद्यालयाचा म्हातारा प्रमुख जिवानिशी जातो. मुलाचा गर्व, किंमत दुसऱ्याच्या प्राणांची. उरलेली कादंबरी त्या सावलीची आहे. आधी ती त्याच्या मागे लागते, मग तो तिच्या मागे लागतो. शेवटी तो तिला नावाने हाक मारतो, आणि ते नाव त्याचं स्वतःचं असतं.

आता भोंदूबाबाकडे बघा. त्याच्या चमत्काराला नियम नाही, किंमत नाही, शिकणं नाही. तो म्हणतो, विचारू नकोस, विश्वास ठेव. चांगली फँटसी पानोपानी उलट सांगते: विचार, नियम शोध, हे फुकट कसं मिळालं ते बघ. अशा गोष्टींवर वाढलेला वाचक चमत्काराचा हिशेब मागतो. लेखकाने पाचव्या प्रकरणात एक नियम सांगितला आणि विसाव्यात तो मोडला, तर पंधरा वर्षांची पोरंही चिडतात, 'असं कसं चालेल' म्हणतात. ही विवेकाचीच तालीम आहे. अर्थात वाईट फँटसीत ती होत नाही. तिथे नायकाला शक्ती आयती मिळते, अडचण आली की नवी शक्ती मिळते आणि कुणाचंच काही जात नाही. या दोन्हींतला फरक दाखवून देणं हेच समीक्षेचं काम. ते न करता सगळ्या जादूच्या गोष्टींकडे एकाच नजरेने बघितलं, तर चळवळीचंच नुकसान आहे.

इथून पुढे मला जे म्हणायचंय, त्यासाठी हा लेख लिहिते आहे.

अद्भुतकथेला विचारायचा सर्वांत धारदार प्रश्न मराठीत कधीच विचारला गेला आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली. दशावताराच्या गोष्टी, मत्स्य, वराह, नरसिंह, वामन, एकेक अवतार घेऊन त्यांनी विचारलं: ही गोष्ट कुणी रचली? तिच्यात दैत्य कुणाला ठरवलं? पाताळात गाडलेला बळी हा कुणाचा राजा होता? फुल्यांच्या इतिहासाच्या तपशिलांवर विद्वानांनी खूप वाद घातले आहेत. पण वाचायची जी रीत त्यांनी दिली, ती जगातल्या कुठल्याही फँटसीला लावून बघा. गोष्टीत राक्षस कुणाला केलंय? तो जन्माने राक्षस आहे की करणीने? त्याला बोलायला दिलंय का? त्याच्या घरी कोण आहे? एवढं एक वाक्य घेऊन मुलं पुस्तक वाचायला बसली, तर अर्धी समीक्षा तिथेच झाली.

आणि ही रीत नागपूरच्या वाचकाला शिकवावी लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे लाखो माणसांनी जन्माने मिळालेली जागा नाकारली. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, खेड्यांतून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं पोरांना सोबत घेऊन पुस्तकं विकत घेतात. त्या घरातली मुलगी जेव्हा फँटसी वाचते, तेव्हा तिला काय दिसत असेल? नायक कुठल्यातरी लोपलेल्या राजवंशाचा वारस निघतो. भाकितात त्याचंच नाव असतं. रक्तात शक्ती असते. फँटसीतल्या फार मोठ्या भागाचा पाया जन्म हाच आहे, आणि तो पाया कुमारवयीन वाचकासमोर कुणी उघडा करून दाखवत नाही.

हॅरी पॉटरचंच घ्या. त्यात शुद्ध रक्ताचा टेंभा मिरवणारे लोक खलनायक आहेत, लेखिका त्यांच्या विरोधात उभी आहे, हे स्पष्टच आहे. पण त्याच मालिकेत घरोघरी राबणारे छोटे गुलाम आहेत. त्यांना ना पगार ना सुट्टी, अंगावर धड कपडा नाही, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना आपली चाकरी मनापासून आवडते असं आपल्याला सांगितलं जातं. २००० साली आलेल्या चौथ्या भागात हॅरीची मैत्रीण हर्मायनी त्यांच्या मुक्तीसाठी संघटना काढते आणि तिचे मित्रसुद्धा तिला हसतात. कथेचा सूरही बराच वेळ त्या हसण्याच्या बाजूचा आहे. गुलामाला गुलामी आवडते हे वाक्य आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकलेलं आहे. नागपुरातल्या पदव्युत्तर वर्गात या एका धाग्यावर जो प्रबंध होईल, तो ग्लासगोत होणार नाही. मालिका वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. जीव लावून वाचलेल्या पुस्तकालाच असे प्रश्न विचारता येतात, आणि आवडतं पुस्तक प्रश्नांनी मोडत नाही हे कळणं सोळाव्या वर्षी फार गरजेचं असतं.

दुसरी गोष्ट सामग्रीची. या भागाचं अद्भुत आपण कधी मोजलंच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारी-महालातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले प्रचंड पुतळे, मिरवणुकीने निघतात. काळीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. दोन्ही मजल्यांच्या खिडक्यांत माणसं दाटलेली, रस्त्याच्या वर डोलणारा तो प्रचंड बाईचा देह, मागोमाग त्या-त्या वर्षीच्या महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे, म्हणजे पुतळे, आणि 'ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी. अद्भुताने गल्लीत शिरावं तर असं. नागपूरचं प्रत्येक मूल हे बघून मोठं होतं. पण काळ्या मारबतीला काळं का केलं, तिला जाळायचं का, हा फुल्यांचा प्रश्न घेऊन एखादी कुमार कादंबरी कुणी लिहिली असती, तर किती मोठी गोष्ट झाली असती!

त्याहून मोठं भांडार गोंड आदिवासी ज्याला आपला धर्मगुरू मानतात त्या लिंगोच्या गाण्याचं आहे. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. गोंडांचे भाट असलेल्या परधानांकडून त्यांनी लिंगोचं लांबलचक गाणं उतरवून घेतलं. १८६३ मध्ये त्यांचा बुडून मृत्यू झाला आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. त्या गाण्यात गोंड गुहेत कोंडलेले आहेत आणि दारावर शिळा आहे. त्यांना सोडवायचं तर समुद्राकाठच्या एका महाकाय पक्ष्याची पिल्लं आणायची अट आहे. तिथला अजस्र साप ती पिल्लं खात असतो. लिंगो सापाला मारतो, पिल्लं वाचवतो, आणि कृतज्ञ पक्षी त्याला पंखांवर घेऊन उडतात. पुढे नदी ओलांडताना सुसर दगा देते, कासव तारून नेतं. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेशी ही कथा जोडलेली आहे. माघ पौर्णिमेला तिथे दूरदूरच्या राज्यांतून गोंड माणसं येतात. हे शहर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा होता, हे आपण भाषणात सांगतो. त्याच्या लोकांच्या गाण्यातली एक ओळ आपल्या मुलांना ठाऊक नसते.

पण इथे थांबून विचार करावा लागतो. लिंगो ही गोंडांसाठी फँटसी नाही, तो त्यांचा धर्म आहे. हिस्लॉप यांच्या पाठात महादेव ज्या तऱ्हेने येतो, तिला गोंडी धर्माच्या अभ्यासकांचे आक्षेप आहेत. नागपूरच्याच मोतीरावण कंगालींनी पारी कुपार लिंगो आणि गोंडी पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्म, यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो आपली गोष्ट आपण सांगावी म्हणून. मग उद्या एखाद्या मराठी लेखकाने लिंगोला घेऊन कुमारांसाठी चटपटीत मालिका लिहिली, तर ते चालेल का? कुणाची परवानगी लागेल? कितपत बदल करता येईल? मला वाटतं, गोंडांनी आधी लिहावं आणि इतरांनी लिहायचं तर आधी ऐकून घ्यावं. या मतावर वाद होऊ शकतो, व्हायलाच हवा. पण तो वाद घालायला लागणारी माणसं अभ्यासाशिवाय तयार होत नाहीत. अभ्यास नसेल तर लिहिणारा बिनधास्त लुटून नेईल, नाहीतर भीतीने हातच लावणार नाही.

मराठीत लहानांसाठी अद्भुत होतं आणि आहे. १९५२ पासून मराठीत निघालेल्या 'चांदोबा'ने पिढ्यान्‌पिढ्या वेताळाच्या प्रश्नांवर वाढवल्या. रत्नाकर मतकरींची चेटकीण आणि राक्षस रंगमंचावर आले. 'किशोर' १९७१ पासून चालू आहे. भा. रा. भागवतांनी साहस दिलं, जयंत नारळीकरांनी विज्ञानकथा दिली. पण तेरा ते सतरा या वयासाठी, जेव्हा मोठी माणसं खोटं बोलतात हे पहिल्यांदा कळतं, आपल्या अंगात काहीतरी नवीन आहे आणि ते कुणाला सांगता येत नाही असं वाटतं, त्या वयासाठी सलग लांब पल्ल्याची मराठी फँटसी फार थोडी आहे. 'किशोर' बंद करून मूल थेट इंग्रजीत जातं. लेखक म्हणतात वाचक नाहीत, प्रकाशक म्हणतात लेखक नाहीत, आणि समीक्षक या वादात कुठेच नाहीत. गंभीर समीक्षा नसलेल्या प्रांतात गंभीर लेखक पाऊल टाकत नाही. एखादा टाकतो, पुस्तक 'मुलांसाठी छान भेट' म्हणून दोन ओळींत आटोपलं जातं आणि तो परत फिरतो.

त्यामुळे माझी मागणी छोटी आणि ठोस आहे. पदव्युत्तर मराठीत एका सत्राचा ऐच्छिक पेपर ठेवावा. त्यात 'गुलामगिरी'तली अवतारांवरची प्रकरणं आधी वाचावीत, मग 'मुक्तामाला', मग लिंगोच्या गाण्याचे हिस्लॉप आणि कंगाली असे दोन्ही पाठ शेजारी ठेवून, आणि शेवटी मुलं प्रत्यक्षात वाचतात त्या दोन-तीन कादंबऱ्या, अनुवादात असतील तर अनुवादात. परीक्षा फक्त लेखी नको. प्रत्येक विद्यार्थ्याने नववी-दहावीच्या चार-पाच वाचकांशी एका पुस्तकावर बोलावं, ते बोलणं जसंच्या तसं उतरवून आणावं आणि त्यावर लिहावं. त्या पोरांच्या मराठीत, त्यांच्याच शब्दांत. गोंडी जाणणारा एक सहमार्गदर्शक लागेल, त्याला मानधन द्यावं लागेल, तशी तरतूद करावी. मार्गदर्शक कोण होणार, असं बैठकीत हमखास विचारलं जाईल. माझं नाव घालावं. त्या विद्यार्थिनीचा जुना आराखडा अजून माझ्याजवळ आहे, तोच पुन्हा मांडू.